डस्ट कलेक्टरचा फिल्टर बदलला, दोन पावसाळे आणि दोन चवथी काढल्यानंतरचा अनुभव

सरळ मुद्द्यावर येतो. दीड वर्षापूर्वी माझ्या डस्ट कलेक्टरची (लाकडाचा भुसा आणि धूळ ओढून घेणारं मशीन) कापडी पिशवी काढून तिथे पीटीएफई मेंब्रेनवाला (हे काय ते पुढे सांगतो) प्लीटेड कॅनिस्टर बसवला, म्हणजे घड्या घातलेला गोल डब्यासारखा फिल्टर. त्याच्यावर दोन पावसाळे काढले आणि आता त्याबद्दल नीट लिहायचंय, कारण त्याच्या आधी मी जो कॅनिस्टर घेतला होता तो जुलैमधे बुरशी येऊन फेकावा लागला, आणि गोव्यात किंवा खाली कोकणात घरच्या घरी लाकूडकाम करणाऱ्या कुणाचे तसे पैसे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

वर्कशॉप म्हणजे डिचोलीला घरामागचा जुना गोठा. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, बारा बाय अठरा फुटांची जागा. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी काम करतो. फणसाचे पाट, शिवणीचे चौरंग, सागवानाचे देव्हारे, आणि जून संपत आला की चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची मखरं. आता मखरं बहुतेक सगळ्यांना एमडीएफची हवी असतात, हलकी असतात, रंग चांगला बसतो, उत्सव झाला की खोलून माळ्यावर ठेवता येतात. पण एमडीएफ म्हणजे आधीच बारीक दळलेलं लाकूड आणि रेझिन, त्याच्यावर राउटर (लाकूड कोरायचं हत्यार) किंवा सँडर चालवला की भुसा पडत नाही, पीठ उडतं. फणसाची पिवळी भुकटी निदान खाली बसते तरी, एमडीएफचं पीठ हवेतच राहतं.

हे मला कळलं काचेच्या कौलामुळे. जुन्या घरांत उजेडासाठी एखादं काचेचं कौल असतं ना, तसं गोठ्यावरही एक आहे, सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यातून उन्हाचा तिरका पट्टा बरोबर टेबल सॉवर पडतो. एका रविवारी मी आदल्या रात्री अकराला काम बंद केलेलं, सकाळी दार उघडलं तर त्या पट्ट्यात धूळ अजून तरंगत होती. साडेदहा तास झाले होते. नंतर हिशोब वाचला तेव्हा पटलं, स्थिर हवेत 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दोन मीटर खाली यायला दहाएक मिनिटं घेतो, पण 1 मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त लागतो. आणि नाकात न अडकता फुफ्फुसात खोलवर जातात ते हेच छोटे कण. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मधेच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलेली आहे, नाक आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. घरात बाबांना दमा, आणि गोठ्याचं दार थेट मागच्या पडवीत उघडतं जिथे ते दुपारी आरामखुर्चीत बसतात. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी हौसेचा राहिलाच नाही.

आता मशीन. दीड एचपीचा सिंगल स्टेज कलेक्टर, वर कापडी पिशवी, खाली भुशाची प्लॅस्टिकची पिशवी, मधे लोखंडी रिंग, चार इंची होज. अशा मशीनमधे ब्लोअर आधी आणि फिल्टर नंतर असतो, म्हणजे फिल्टरवर हवा आतून बाहेर ढकलली जाते, ओढली जात नाही, हे लक्षात ठेवा, पुढे गास्केटबद्दल, म्हणजे सांध्यातली फट बंद करणाऱ्या पट्टीबद्दल सांगताना लागेल. पिशवी 30 मायक्रॉनची होती. म्हणजे मोठे तुकडे, भुसा, रंध्याचे काप हे सगळं पिशवीत राहणार आणि ज्याची खरी भीती तेच पीठ कापडातून आरपार वर्कशॉपमधे परत फवारलं जाणार, तेही छातीच्या उंचीवरून. मशीन नसतं तर निदान धूळ कापण्याच्या जागेजवळ तरी पडली असती. पिशवी जुनी झाली, आतून धुळीचा थर बसला की ती जरा बारीक गाळायला लागते हे खरं आहे, पण तोवर तिच्यातून हवाच जाईनाशी होते.

पहिली सुधारणा म्हणून ऑनलाइन 1 मायक्रॉन लिहिलेली पिशवी मागवली. कुठून ते सांगत नाही. रात्री दिवे बंद करून टॉर्च लावला तर शिवणीतून धूर निघावा तशी धूळ निघत होती. इथे एक गोष्ट शिकलो जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, नुसत्या मायक्रॉनच्या आकड्याला काही अर्थ नाही. 1 मायक्रॉन म्हणजे त्या मापाचे किती टक्के कण अडवले? पन्नास टक्के का नव्याण्णव टक्के? हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा सजावटीचा आहे. मर्व्ह रेटिंग, म्हणजे कुठल्या मापाचे किती टक्के कण अडतात याची श्रेणी, दिलेलं असेल तर निदान काहीतरी ठोस हातात येतं, मर्व्ह 13 म्हणजे 1 ते 3 मायक्रॉनचे किमान 85 टक्के कण अडवणार, मर्व्ह 15 म्हणजे 90 टक्के, आणि 0.3 ते 1 मायक्रॉनमधे मर्व्ह 13 निम्म्यावर थांबतो तर मर्व्ह 15 किमान 85 टक्क्यांपर्यंत जातो. विक्रेत्याला हे विचारा. उत्तर आलं नाही तर पुढचं दुकान.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळ. ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि मला वाटतं अर्धा निकाल इथेच लागतो. माझी जुनी पिशवी 500 मिलिमीटर व्यासाची, 800 उंच, म्हणजे कापड सव्वा चौरस मीटर, साधारण साडेतेरा चौरस फूट. चार इंची पाइपमधून चांगल्या वेगाने हवा गेली तर 350 ते 400 सीएफएम (मिनिटाला घनफूट) जाते, मशीनवर 1100 लिहिलेलं असू दे नाहीतर 1500, पाइपचं तोंड तेवढंच आहे. 400 सीएफएम साडेतेरा चौरस फुटांतून ढकलायचे म्हणजे दर चौरस फुटाला तीस सीएफएम पडले. पिशव्यांसाठी दहाच्या आसपास ठेवा असं या कामातले लोक सांगतात. तिप्पट होतंय. त्यामुळे कापड जितकं बारीक घ्याल तितकं ते लवकर गुदमरणार, म्हणून बारीक फिल्टर हवा असेल तर त्याच जागेत जास्त कापड बसवावं लागतं आणि ते घड्या घालूनच जमतं. कॅनिस्टरचं कारण एवढंच आहे.

मग मी कॅनिस्टर घेतला, आणि चुकीचा घेतला.

कागदावर तो भारी होता. 600 उंच, 280 घड्या, प्रत्येक घडी 40 मिलिमीटर खोल. हिशोब सोपा आहे, घड्यांची संख्या गुणिले खोली गुणिले दोन गुणिले उंची, आले की साडेतेरा चौरस मीटरच्या जवळ. पिशवीच्या दहापट! मी खूश. पण 500 व्यासाच्या गोलात 280 घड्या म्हणजे बाहेरून दोन घड्यांमधे साडेपाच मिलिमीटर, आतून पाच मिलिमीटरपेक्षा कमी, आणि धूळ तर आतूनच येते. रंध्याचा एक काप त्या फटीत अडकला की त्याच्यावर पीठ, पिठावर पुन्हा काप, असं करत पूर्ण घडी बुजते. आत फिरवायचं हँडल होतं, रबरी पट्ट्या घड्यांवर आपटून धूळ झाडायच्या, पण इतक्या दाट घड्यांतून निघत काहीच नव्हतं. म्हणजे साडेतेरा चौरस मीटरपैकी कामाचं किती राहिलं देव जाणे.

तेवढंच असतं तर साफ करत बसलो असतो. पण कापड सेल्युलोज आणि पॉलिस्टरच्या मिश्रणाचं होतं, म्हणजे मुळात कागदच. एप्रिलमधे बसवला, मे मधे ठीक चालला, जूनचा पाऊस लागला आणि सगळं बदललं. आपल्याकडचा पाऊस माहीत आहे, आठवडाभर ऊन दिसत नाही, मीठ सुटतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी येते. कागदाने ओल ओढली, लाकडाच्या पिठाने ओल ओढली, दोघांचा मिळून लगदा झाला. जुलैत चवथीची मखरं ऐन भरात आणि होजमधे ओढच नाही. उघडून बघितलं तर घड्यांच्या तळाशी हिरवट काळे ठिपके आणि कुबट वास. तो वास पंख्यामागून सगळ्या गोठ्यात फिरत होता, पलीकडे बाबा खोकत होते. त्याच संध्याकाळी काढून बाहेर टाकला आणि पुन्हा पिशवीवर आलो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाले, सर, कोरड्या जागेत वापरायचा असतो हा. घेताना पत्ता डिचोली गोवा असा सांगितला होता, तेव्हा कुणी हे बोललं नाही, याचा राग अजून आहे.

त्या गणपतीत माझा आत्येभाऊ घरी आलेला, तो कुंडईला एका औषध कंपनीत हवा आणि एसीची यंत्रणा बघतो. मी म्हटलं, मी आता हेपाच लावणार, संपवून टाकतो विषय. तो म्हणाला, "दादा, हेपा लावशील तर आठवड्यात डोक्याला हात लावून बसशील. आमच्याकडे हेपा सगळ्यात शेवटी असतो, त्याच्या आधी दोन दोन फिल्टर, आणि तिथे येते ती हवा तुझ्या वर्कशॉपच्या हवेपेक्षा आधीच शंभरपट स्वच्छ. तू त्याच्यावर भुसा मारणार." मग त्याने नीट समजावलं. खऱ्या हेपाची व्याख्या 0.3 मायक्रॉनला 99.97 टक्के अशी आहे, युरोपच्या मापात एच13 म्हणजे सगळ्यात अवघड मापाच्या कणांना 99.95 टक्के. ते अडवण्यासाठी कापड इतकं दाट असतं की दीड एचपीच्या ब्लोअरची निम्मी ताकद ते ढकलण्यातच जाईल. आणि होजची ओढ गेली की धूळ करवतीपाशीच सुटते, फिल्टरपर्यंत पोचतच नाही, मग फिल्टर कितीही भारी असून काय उपयोग. वर त्यांच्याकडे बसवल्यावर गळती तपासायची चाचणी होते, आपल्याकडे कोण करणार. त्याचं एक वाक्य लक्षात राहिलं: "आधी भुसा वेगळा कर, मग धूळ गाळ, आणि पावसात टिकेल असं कापड घे."

तसंच केलं.

भुसा वेगळा करायला 200 लिटरचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम घेतला, झाकणाखाली अठरा मिलिमीटरच्या प्लायची गोल प्लेट बसवली, तिला बाजूने जवळजवळ पाऊण घेर कापलेली फट. हवा ड्रममधे कडेकडेने फिरते, जड काप त्या फटीतून खाली पडतात, पीठ हवेबरोबर पुढे जातं. थीन बॅफल म्हणतात याला. फुकट काही मिळत नाही, ड्रम घातला की ओढ थोडी कमी होतेच, आणि होजचं तोंड पूर्ण बंद झालं तर प्लॅस्टिकचा ड्रम आत चेपतो, माझा एकदा चेपला, आता आतून लाकडी कडं ठोकलंय. पण कलेक्टरच्या खालच्या पिशवीत आता मूठ दोन मूठ पीठच येतं, बाकी सगळं ड्रममधे. फिल्टर बदलायच्या आधी हे करा असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण याचा खर्च अडीच हजारांच्या आत झाला आणि त्याच्याशिवाय पुढचा महागडा फिल्टरही वर्षभरात गेला असता.

आता खरा फिल्टर. पुण्याला भोसरीत मापाने फिल्टर बनवून देणारे बरेच कारखाने आहेत, पावडर कोटिंग आणि वेल्डिंगच्या धुरासाठी जे कार्ट्रिज लागतात ते बनवणारे. तीन ठिकाणी फोन केले. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी पहिला प्रश्न विचारला, सर, धूळ कसली आहे आणि जागा दमट आहे का? तिथेच माझं ठरलं. त्यांना सांगितलेलं माप असं: व्यास 500, उंची 900, घड्या फक्त 150, खोली 45. हिशोब करा, बारा चौरस मीटर आणि थोडं वर, म्हणजे 130 चौरस फूट. पहिल्या कॅनिस्टरपेक्षा कागदावर कमी! पण दोन घड्यांमधे बाहेरून साडेदहा आणि आतून साडेआठ मिलिमीटर जागा, त्यामुळे झाडलं की धूळ पडते, आणि सगळं कापड कामाला येतं. दर चौरस फुटाला तीन सीएफएमच्या आसपास पडतात. उंची जास्त घेता आली कारण कौलारू छपराला मधे उंची भरपूर आहे, स्लॅबखाली काम करणाऱ्यांनी आधी मोजून घ्यावं.

कापड शंभर टक्के स्पनबाँड पॉलिस्टर, म्हणजे पाणी न पिणारं, आणि आतल्या बाजूला पीटीएफईचं पातळ मेंब्रेन. पीटीएफई म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. साध्या कापडात धूळ कापडाच्या पोटात शिरते आणि तिथेच बसते, मेंब्रेनवर ती वरच्या वर राहते आणि झटकली की सुटते. त्यांनी मेंब्रेनशिवायचा साडेनऊ हजारांना आणि मेंब्रेनवाला चौदा हजार आठशेला सांगितला, मी दोन दिवस विचार केला आणि मेंब्रेनवाला घेतला. वरखालच्या टोप्या आणि जाळी साध्या लोखंडाची न घेता पावडर कोटेड घेतली, त्याचे सहाशे रुपये वेगळे, आपल्या हवेत ते लागतातच. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी, कळंगुट, बागा, मोरजी वगैरे, सरळ स्टेनलेसची जाळी मागावी.

पार्सल ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या बसने आलं, म्हापशाहून जाऊन उचललं. खोका एक बाजूने दबलेला होता, पोटात गोळाच आला, पण आत थर्माकोल व्यवस्थित होता, फिल्टरला काही नाही. पॅकिंगला पूर्ण गुण.

बसवताना एक अडचण आली ती सांगतो. मशीनची रिंग 500 ची म्हणून विकलेली, प्रत्यक्षात 506 भरली. सुदैवाने ऑर्डर देताना त्यांनीच सांगितलेलं की व्यास मोजू नका, टेपने पूर्ण घेर मोजा आणि 3.14 ने भागा, त्यामुळे खालची टोपी त्याच मापाने बनून आली. पण सोबत दिलेलं गास्केट फारच पातळ, तीन मिलिमीटरचं स्पंज. वर सांगितलं तसं या मशीनमधे फिल्टरवर आतून दाब असतो, त्यामुळे जिथे फट तिथून धूळ बाहेर फेकली जाणार, आणि ती गाळून न आलेली धूळ. पहिल्याच रात्री टॉर्च लावून बघितलं तर रिंगच्या एका बाजूने बारीक रेघ दिसत होती. डिचोली बाजारातून दाराला लावायची जाड रबरी पट्टी आणली, दुहेरी लावली, बेल्ट आवळला, बंद झालं. पंधरा हजारांच्या वस्तूबरोबर ऐंशी रुपयांचं गास्केट नीट द्यायला हवं होतं, याचा एक गुण कापतो.

आता आकडे. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, यू आकारात फळीवर ठोकली, त्यात कुंकवाचं पाणी भरलं आणि एक टोक फिल्टरच्या रिंगमधे भोक पाडून घातलं. झाला दाब मोजायचा मॅनोमीटर. दोन बाजूंच्या पाण्यात जितका फरक तितका फिल्टरचा अडथळा. जुन्या मळलेल्या पिशवीला 62 मिलिमीटर फरक यायचा, नवीन कॅनिस्टरला पहिल्या दिवशी 11. आज दीड वर्षाने झाडल्यानंतर 16, झाडायच्या आधी 24 पर्यंत जातो. मी 30 ही रेघ मारून ठेवलीय, त्याच्यावर गेलं की काम थांबवून साफ करायचं. ही नळी प्रत्येकाने लावावी, खर्च जवळजवळ शून्य आणि फिल्टर कधी भरला हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र होजच्या तोंडाशी धरलं तर आधी सेकंदाला 14 मीटर होता, आता 21. चार इंची पाइपला म्हणजे 240 सीएफएमवरून 360. मशीन तेच, मोटर तीच. आणि एक गंमत जी बऱ्याच जणांना उलटी वाटते, क्लँप मीटरने करंट बघितला तर आधी साडेपाच अँपिअर होता तो वाढून पावणेसात झाला. पहिल्यांदा मी घाबरलो, पण ते बरोबरच आहे, असा ब्लोअर जितकी जास्त हवा ढकलतो तितकं जास्त काम करतो, फिल्टर तुंबला की हवा कमी आणि करंटही कमी. म्हणजे करंट कमी झाला तर खूश होऊ नका. फक्त मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या आकड्याच्या आत आहे ना ते बघा, आणि होज पूर्ण काढून मोकळं चालवू नका, तेव्हा करंट सगळ्यात जास्त जातो. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा तर मुळीच नको.

हवेचं सांगायचं तर पीएम 2.5, म्हणजे हवेतले 2.5 मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मोजणारा साधा लेझर मीटर आहे माझ्याकडे. पिशवी असताना दहा मिनिटं एमडीएफवर राउटर चालवला की आकडा (घनमीटर हवेत मायक्रोग्रॅम) 400 च्या पुढे जायचा आणि तासभर तसाच राहायचा. आता तेच काम, तोच राउटर, 70 ते 80 पर्यंत चढतो आणि वीसेक मिनिटांत पुन्हा खाली येतो. आपल्याकडे बाहेरच्या हवेसाठी चोवीस तासांची मर्यादा 60 आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15, त्या हिशोबाने 80 म्हणजे काही शुद्ध हवा नव्हे, म्हणून मास्क मी अजूनही लावतोच, धूळ हत्याराच्या तोंडाशी सुटते आणि आपलं नाक फिल्टरच्या आधी येतं. हे मोजमाप फेब्रुवारीतलं आहे. पावसाळ्यात या स्वस्त मीटरवर विश्वास ठेवू नका, दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि मीटर मशीन बंद असतानाही भलते आकडे दाखवतो, मला गेल्या जुलैत वाटलं फिल्टर फाटला म्हणून.

पावसाळ्याबद्दल, कारण तीच खरी परीक्षा. पहिल्या जून ते सप्टेंबरमधे तीन चौरंग, अकरा मखरं, आणि शेजारच्या देवळाच्या पालखीचं थोडं दुरुस्तीचं काम असं सगळं याच फिल्टरवर झालं. दर रविवारी हँडल वीस वेळा फिरवायचो, महिन्यातून एकदा बाहेरून आत कमी दाबाने हवा मारायचो. बाहेरून आत, हे लक्षात ठेवा, धूळ आतल्या बाजूला असते, आतून हवा मारली तर ती कापडात ठोकली जाते. नोझल अर्धा हात लांब ठेवा, मेंब्रेन पातळ असतं, जवळून जोरात मारलं किंवा ब्रशने घासलं तर फाटेल. बुरशी एक ठिपका नाही. वास नाही. एक गोष्ट मात्र शिस्तीने पाळतो, पावसात काम संपलं की खालची पिशवी आणि ड्रम त्याच दिवशी रिकामा करायचा, आणि शेवटी होज लावलेला ठेवूनच पाच मिनिटं मशीन नुसती हवा घेत चालवायचं. धुता येतो असं कंपनीने सांगितलंय, मी पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरात एकदा धुतला, अंगणात दोन दिवस कडक उन्हात ठेवला. पावसात धुवायचा विचारही करू नका, आठवडाभर वाळणार नाही.

उणीव सांगायची तर गास्केट झालंच. दुसरं म्हणजे वजन, साडेआठ किलोचा डबा एकट्याने उचलून रिंगवर बसवणं कठीण, मला भावाला हाक मारावी लागते. तिसरं, हँडलच्या आतल्या रबरी पट्ट्या वर्षभरात कडेने झिजल्या, फोन केला तर त्यांनी नवीन पाठवल्या, फक्त कुरिअरचे पैसे घेतले. आवाज कमी झाला नाही, उलट हवा वाढल्याने होजची शिट्टी जरा जास्त येते, रात्री नऊनंतर मी मशीन लावत नाही.

सगळ्यांना हाच फिल्टर लागतो असंही नाही. पेडण्याला माझा एक मित्र आहे, त्याचं वर्कशॉप काजूच्या बागेत, आजूबाजूला घर नाही. त्याने फिल्टरच काढून टाकला, ड्रम आणि मोठा सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारं नरसाळं) लावून हवा सरळ बाहेर सोडतो. आपल्याकडे वर्कशॉपला एसी किंवा हीटर नसतो, त्यामुळे हवा बाहेर गेली तर नुकसान काहीच नाही, आणि ओढ माझ्यापेक्षा चांगली मिळते. जागा असेल तर तेच करा, पैसे वाचतील. आमच्या वाड्यावर घराला घर लागून, पलीकडच्या वहिनींचे कपडे वाळत असतात, तिथे हे जमणार नाही. जे फक्त जाड लाकूड रंधतात, एमडीएफ आणि सँडिंग फार करत नाहीत, त्यांना मेंब्रेनशिवायचा साडेनऊ हजारांचा पॉलिस्टर कॅनिस्टर पुरेल असं मला वाटतं, फक्त सेल्युलोज घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. कापड कशाचं आहे ते बिलावर लिहून मागा.

एकूण खर्च फिल्टर, जाळीचं कोटिंग, पार्सल आणि गास्केट धरून सोळा हजार दोनशे, ड्रम वेगळा. दहापैकी साडेआठ देतो. मागवणार असाल तर फेब्रुवारी मार्चमधे मागवा, बनवून यायला मला तीन आठवडे लागले, आणि मे नंतर मखरांच्या ऑर्डरी सुरू झाल्या की मशीन खोलायला कुणालाच वेळ नसतो. बाबांची खुर्ची अजून त्याच पडवीत आहे. मागच्या रविवारी सकाळी ते स्वतः गोठ्यात आले, काचेच्या कौलाखालच्या पट्ट्यात हात धरून बघितलं आणि म्हणाले, काम केलं नाहीस काय काल रात्री? केलं होतं, दोन मखरांचे खांब कापले होते.